व्हीडीआरएल ‘रिॲक्टिव्ह’ आली तर: गरोदरपणातला सिफिलिस आणि अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण

गरोदरपणातल्या रक्ततपासणीचा कागद: हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉइड, एचआयव्ही, आणि त्याच कागदावर खाली कुठेतरी व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची चाचणी. घरात वाचला जातो तो हिमोग्लोबिनचा आकडा. बाकी कागद घडी होऊन फाइलमध्ये जातो. व्हीडीआरएलपुढे ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ असेल तर ते चालूनही जातं. ‘रिॲक्टिव्ह’ असेल तर मात्र त्या दिवसापासून सगळा हिशोब तारखांचा आहे. पहिलं इंजेक्शन कधी, पुढची किती दिवसांच्या अंतराने आणि बाळंतपणाला किती दिवस उरले, यावर बाळ पूर्ण दिवसांचं होणार की अपुऱ्या दिवसांचं हे बऱ्याच अंशी ठरतं.

औषध जुनंच आहे. पेनिसिलिनने सिफिलिस बरा होतो हे १९४३ साली दिसलं आणि हा जंतू पेनिसिलिनला आजही सरावलेला नाही. उपचार फसतो तो बहुतेकदा उशिरामुळे, चुकीच्या औषधामुळे किंवा मधल्या तारखा चुकल्यामुळे.

आधी नावाचा घोळ

जुनी माणसं या आजाराला ‘गरमी’ म्हणत, वैद्य ‘उपदंश’. इंदुरात हिंदीतही गरमीच. या शब्दाने एक नुकसान केलं आहे: ‘गरमी झालीय’ ऐकल्यावर घरातलं कुणीतरी सब्जा, गुलकंद, धने-जिऱ्याचं पाणी सुरू करतं आणि दोन आठवडे हातचे जातात. शरीरातल्या उष्णतेशी याचा काही संबंध नाही. हा ट्रेपोनेमा पॅलिडम नावाच्या जंतूचा संसर्ग आहे. तो शरीरसंबंधातून पसरतो आणि गरोदरपणात वारेतून बाळापर्यंत जातो. ताट-वाटी, टॉवेल, संडास यांतून तो येत नाही.

बाईला काहीच त्रास नसणं हे या आजारात नेहमीचं. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी (१० ते ९० दिवसांत कधीही) एक न दुखणारी जखम होते. ती योनीच्या आत किंवा गर्भाशयाच्या तोंडाशी असली तर दिसतच नाही आणि आपोआप भरते. पुढे काही आठवड्यांनी अंगावर न खाजणारं पुरळ येतं, कधी तळहात-तळपायांवरही. तेही जातं. मग वर्षानुवर्षं फक्त रक्तात खूण राहते. म्हणून ‘मला तर काही होत नाही’ यावरून काही ठरवू नका.

दिवस पूर्ण का भरत नाहीत

जंतू वारेत शिरला की तिथे सूज येते. वार जाड आणि फिकट होते, तिच्यातल्या बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि बाळाला मिळणारा प्राणवायू आणि पोषण कमी पडतं. नाळेलाही सूज येऊ शकते. बाळाच्या यकृतात संसर्ग बसला की यकृत-प्लीहा वाढतात, रक्त कमी होतं, पोटात पाणी साठतं. काही वेळा बाळाभोवतीचं पाणीही वाढतं. गर्भाशय ताणलं जाणं आणि सुजेमुळे कळा आणणारी रसायनं वाढणं, या दोन्हींमुळे कळा लवकर सुरू होतात. कधी आतलं बाळ इतकं थकलेलं असतं की डॉक्टरांनाच प्रसूती आधी करावी लागते.

उपचार न झालेल्या आयांची तुलना सिफिलिस नसलेल्या आयांशी करणारी अनेक अभ्यासांची एकत्रित पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात गर्भ दगावणं आणि मृत जन्म शंभरामागे २१ने जास्त होते, जन्मानंतर लगेच बाळ जाणं ९ने, आणि अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ जवळजवळ ६ने. म्हणजे अपुरे दिवस हा या आजाराचा सगळ्यात सौम्य तडाखा म्हणायचा. उलट बाजूही पाहा: २०११ सालच्या अशाच एका पाहणीत पेनिसिलिनमुळे मुदतपूर्व प्रसूती ६४ टक्क्यांनी, मृत जन्म ८२ टक्क्यांनी आणि बाळातला सिफिलिस ९७ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. ६४ आणि ९७ यांच्यातली तफावत लक्षात ठेवण्याजोगी आहे. जंतू मारणं सोपं, पण वारेला आधीच झालेली इजा पूर्ण भरून येत नाही. उपचार तिसऱ्या महिन्यात आणि आठव्या महिन्यात सारखाच देता येतो, फायदा मात्र सारखा होत नाही.

तपासणी: कधी आणि कुठली

दिवस गेल्याचं कळलं की पहिल्याच भेटीत, शक्यतो पहिल्या तीन महिन्यांत. सरकारी दवाखान्यात बोटाला टोचून एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही एकाच पट्टीवर पाहतात. वीस मिनिटांत कळतं आणि पैसे लागत नाहीत. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीत हे करून घेता येतं. खासगीत गेलात तर गरोदरपणाच्या ‘प्रोफाइल’मध्ये व्हीडीआरएल किंवा तिच्यासारखीच आरपीआर चाचणी आहे ना, हे पैसे भरण्याआधी विचारा. स्वस्त पॅकेजमधून नेमकी हीच ओळ गळू शकते.

पहिली नॉन-रिॲक्टिव्ह आली म्हणून कायमचं सुटलो असं नाही. संसर्ग अगदी ताजा असेल तर पहिले काही आठवडे ती तशीच येते. नवरा कामानिमित्त बाहेरगावी राहत असेल, दोघांपैकी कुणाला गुप्तांगावर जखम झाली असेल किंवा आधी मृत बाळ जन्मलं असेल, तर २८व्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळंतपणाच्या वेळी पुन्हा करून घ्या.

रिपोर्ट वाचताना

चाचण्या दोन जातीच्या आहेत. व्हीडीआरएल आणि आरपीआर आजाराचा जोर दाखवतात आणि सोबत आकडा देतात: १:४, १:१६, १:६४. दुसरी संख्या जितकी मोठी तितका जोर जास्त. टीपीएचए आणि बोटाला टोचून केलेली पट्टी जंतूविरुद्धची खास प्रतिद्रव्यं शोधतात. ती एकदा पॉझिटिव्ह आली की बहुधा जन्मभर तशीच राहते, उपचार पूर्ण झाला तरीही.

यातून व्यवहारातल्या तीन गोष्टी निघतात.

पट्टी पॉझिटिव्ह आली तर आरपीआरसाठी शिरेतलं रक्त द्या, पण त्या रिपोर्टसाठी पहिलं इंजेक्शन थांबवू नका. रक्त घेतलं, त्याच दिवशी इंजेक्शन, असा क्रम हवा. आधी पूर्ण उपचार झाल्याचा लेखी पुरावा हातात असेल तर गोष्ट वेगळी, तो डॉक्टरांना दाखवा.

फक्त व्हीडीआरएल १:२ किंवा १:४ आणि टीपीएचए निगेटिव्ह असेल तर तो बहुधा खोटा इशारा असतो. गरोदरपणात असं होतं. ल्युपससारख्या, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणाऱ्या आजारातही होतं, तेव्हा डॉक्टर पुढची तपासणी सुचवू शकतात. पण टीपीएचए न करताच ‘गरोदरपणात येतं असं’ म्हणून कुणी कागद बाजूला ठेवत असेल तर ऐकू नका.

आणि आकड्यांची तुलना करायची तर लॅब तीच, चाचणी तीच. आधी व्हीडीआरएल आणि मग आरपीआर अशी सरमिसळ केली तर आकडा उतरला की चढला हे कुणालाच सांगता येत नाही. उपचाराचा परिणाम म्हणजे आकडा दोन पायऱ्या खाली: १:३२ वरून १:८. १:८ वरून १:४ झाला तर त्याचा अर्थ काढू नये, एवढा फरक एकाच नमुन्यातही पडतो.

इंजेक्शन: इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

औषधाचं पूर्ण नाव बेंझाथिन पेनिसिलिन जी. मात्रा २४ लाख युनिट, स्नायूत खोलवर, दोन्ही बाजूंच्या कंबरेत १२-१२ लाख. संसर्ग अलीकडचा असल्याचं नक्की असेल तर एकदाच. संसर्ग जुना असेल किंवा कधीचा ते कळत नसेल तर आठवड्याला एक, असे लागोपाठ तीन आठवडे, एकूण ७२ लाख. गरोदरपणात सापडणाऱ्या बहुतेक बायकांना कधीपासून ते सांगता येत नाही, म्हणून तीन इंजेक्शनांची तयारी ठेवलेली बरी.

नाव पूर्ण वाचण्याला कारण आहे. हा जंतू सावकाश वाढतो, त्याची संख्या दुप्पट व्हायला तीसेक तास लागतात. त्यामुळे रक्तात पेनिसिलिन थोडं पण सलग बरेच दिवस असावं लागतं. बेंझाथिन स्नायूत साठून हळूहळू सुटतं, क्रिस्टलाइन पेनिसिलिन काही तासांत उतरतं. दुकानात बेंझाथिन नाही म्हणून ‘पेनिसिलिनच आहे’ असं सांगत दुसरी बाटली किंवा अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या हाती आल्या तर घेऊ नका. हे औषध स्वस्त आहे आणि म्हणूनच दुकानात अधूनमधून नसतं. मग सरकारी रुग्णालयात जा.

टोचताना काय होतं तेही पाहण्यासारखं आहे. बाटलीत पांढरी भुकटी असते. तीत निर्जंतुक पाणी घातलं की दुधासारखं गढूळ द्रव होतं, पूर्ण विरघळत नाही. गुठळी राहिली किंवा सुई बारीक घेतली तर निम्मं औषध आत जाऊन सुई तुंबते. अशा वेळी उरलेलं बाटलीत ठेवून ‘झालं’ म्हणणं चूक. २१ गेजची किंवा त्याहून जाड सुई हवी, बाटली नीट हलवलेली हवी, भरल्याबरोबर टोचायला हवं. टोचण्याआधी दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येत नाही ना ते पाहतात. हे औषध शिरेत गेलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून सलाइनमधून कधीच देत नाहीत. दोन दिवस बसताना दुखेल, चालणं जड जाईल. त्या जागी जोरात चोळू नका.

पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का हे आधी विचारतात, अनेक ठिकाणी कातडीवर चाचणी करतात. इंजेक्शननंतर अर्धा तास तिथेच बसा. ॲड्रिनालिन (जीवघेण्या ॲलर्जीवरचं तातडीचं औषध) हाताशी नसलेल्या जागी हे इंजेक्शन घेऊ नये. गल्लीतल्या दवाखान्यात ‘इथेच टोचून घ्या’ म्हणाले तरी हा प्रश्न विचाराच.

खरोखर ॲलर्जी असेल तर? लहानपणी कधीतरी पुरळ आलं होतं म्हणे, एवढ्यावर पेनिसिलिन रद्द करू नये. खात्रीची ॲलर्जी असेल तर मोठ्या रुग्णालयात भरती करून थेंबाथेंबाने वाढवत शरीराला पेनिसिलिनची सवय लावतात आणि मग तेच देतात. एरिथ्रोमायसिन किंवा ॲझिथ्रोमायसिन वारेतून बाळापर्यंत पुरेसं पोचत नाही. आई बरी झाल्यासारखी वाटते, बाळ उपचाराविना राहतं. सरकारी गुप्तरोग उपचारात रंगांची पाकिटं असतात: पांढऱ्यात बेंझाथिन पेनिसिलिन आणि ॲझिथ्रोमायसिन, निळ्यात डॉक्सीसायक्लिन. निळं पाकीट पेनिसिलिन न चालणाऱ्यांसाठी आहे, पण ते गरोदर बाईने घ्यायचं नाही.

तीन तारखा

पहिलं इंजेक्शन मंगळवारी घेतलं तर पुढचे दोन मंगळवार भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच दिवशी लाल करा. सात दिवस हे लक्ष्य, नऊ दिवस ही गरोदरपणातली हद्द. नऊच्या पुढे गेलं तर तिन्ही इंजेक्शनं पहिल्यापासून घ्यावी लागतात, असा काटेकोर नियम धरलेला बरा. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढलेलं असतं आणि औषध लवकर पातळ पडतं, हे त्यामागचं कारण.

आता सुट्या मोजा. दिवाळी, होळी सगळ्यांना आठवते. रंगपंचमी बाहेरच्या डॉक्टरला आठवणार नाही. इंदुरात त्या दिवशी गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते, राजवाड्याच्या आजूबाजूचे रस्ते माणसांनी आणि रंगाने भरलेले असतात, ओपीडीचाही भरवसा नसतो. तारीख अशा दिवशी येत असेल तर आदल्या दिवशी कुठे मिळेल ते ठरवून ठेवा.

आणि माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्यात ओटी भरून मुलगी पुण्याला किंवा नागपूरला. तिसरं इंजेक्शन त्या प्रवासात अडकतं. तिन्ही पूर्ण करूनच निघा. ते जमत नसेल तर तिथलं रुग्णालय आधी फोनवर विचारून ठेवा. जच्चा-बच्चा कार्डावर अशी नोंद हवी: ‘बेंझाथिन पेनिसिलिन जी २४ लाख, स्नायूत, दोन्ही बाजूंना १२-१२, तारीख, सही’, प्रत्येक वेळची वेगळी. सोबत उपचाराआधीचा आरपीआरचा आकडा. नुसतं ‘इंजेक्शन दिले’ असं लिहिलेलं कार्ड पाहून तिकडच्या बालरोगतज्ज्ञाला बाळाचा उपचार ठरवता येत नाही आणि बाळाला विनाकारण दहा दिवस भरती राहावं लागतं.

बाळंतपणाआधी किमान ३० दिवस उपचार सुरू झालेला असेल तरच आईचा उपचार बाळासाठी पुरेसा धरतात. हे ३० दिवस डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मागे मोजू नका. या आजारात ती तारीखच अलीकडे सरकू शकते.

पहिल्या इंजेक्शननंतरचे २४ तास

जंतू एकदम मरतात तेव्हा त्यांच्यातले घटक रक्तात सुटतात. काही तासांत थंडी वाजून ताप, अंगदुखी, डोकेदुखी होऊ शकते. याला यारिश-हर्क्सहायमर प्रतिक्रिया म्हणतात. ही ॲलर्जी नव्हे आणि औषध चुकल्याची खूणही नव्हे. साधारण दिवसभरात ओसरते. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी पुरतं.

गरोदरपणात मात्र हिच्यामुळे कळा येऊ शकतात आणि बाळाची हालचाल मंदावू शकते. म्हणून पाचव्या महिन्यानंतर, विशेषतः सोनोग्राफीत बाळाचं यकृत मोठं, पोटात पाणी किंवा वार जाड दिसत असेल तर पहिलं इंजेक्शन रुग्णालयात भरती होऊन, ठोके मोजायची सोय असलेल्या ठिकाणी घ्यावं. घरी असाल तर ती रात्र एकटीने काढू नका. ताप, पोट घट्ट होणं किंवा हालचाल कमी वाटणं, यांतलं काही झालं तर रुग्णालय गाठा. या भीतीने पुढचं इंजेक्शन टाळणं ही मोठी चूक. असा त्रास सहसा पहिल्याच वेळी होतो.

नवऱ्याचा उपचार

त्याच आठवड्यात त्याची तपासणी आणि उपचार व्हायला हवा. गेल्या तीन महिन्यांत संबंध आला असेल तर त्याची चाचणी निगेटिव्ह असली तरी उपचार देतात. दोघांचा उपचार पूर्ण होऊन आठवडा उलटेपर्यंत, आणि जखम असेल तर ती भरेपर्यंत, संबंध नको. नाहीतर बायकोची तीन इंजेक्शनं होतात आणि नवव्या महिन्यात संसर्ग पुन्हा येतो.

‘कोणाकडून आला?’ हा प्रश्न घरात येणारच. रक्ताच्या चाचणीला त्याचं उत्तर देता येत नाही, संसर्ग लग्नाआधीचाही असू शकतो. ते भांडण इंजेक्शनांनंतर करा. सासूबाईंना काय सांगायचं हे बाईने ठरवायचं. डॉक्टरने तिच्या परवानगीशिवाय इतर नातेवाइकांना सांगू नये, आणि ‘रक्तात संसर्ग आहे, तीन इंजेक्शनं लागतील’ एवढं सांगितलं तरी ते खोटं नाही. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये दोघांची तपासणी आणि समुपदेशन होतं, १०९७ या मोफत क्रमांकावरही विचारता येतं.

कळा लवकर लागल्या तर

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी तासाभरात चार-पाचदा पोट दगडासारखं घट्ट होणं, पाळीसारखं ओटीपोट दुखणं, कंबरेतून थांबून थांबून कळ येणं, पाणी जाणं, रक्त दिसणं: यांतलं एकही असेल तर घरी ओवा-तुपाचे उपाय करत बसू नका. १०८ला फोन करा आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणीच जा. इंदुरात सरकारीत एम.टी.एच. हे स्त्रियांचं रुग्णालय आणि एम.वाय. ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. जवळचं छोटं प्रसूतिगृह गाठून तिथून पुन्हा हलवण्यात जो वेळ जातो, त्या वेळात फुप्फुसांसाठीचं इंजेक्शन देता आलं असतं. २४ ते ३४ आठवड्यांत डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, असे चार डोस देतात. त्याने अपुऱ्या दिवसांच्या बाळाला श्वास घेणं सोपं जातं.

दारातच सांगा: सिफिलिस होता, इंजेक्शनं या तारखांना झाली. वार फेकून देण्याआधी डॉक्टरांना तपासायला सांगा.

बाळ झाल्यावर

बाळ गोंडस, वजन चांगलं, म्हणून घरी नेलं असं करू नका. जन्मतः काही न दिसणाऱ्या बाळांनाही पुढे नाक गच्च होऊन वाहणं, तळहात-तळपायांची साल निघणं, एक हात न हलवणं अशी लक्षणं येऊ शकतात.

आई आणि बाळ दोघांचं आरपीआर एकाच दिवशी, एकाच लॅबमध्ये. बाळाचं रक्त शिरेतून घ्यायचं, नाळेतून नाही, कारण त्यात आईचं रक्त मिसळतं. बाळाचा आकडा आईच्या चौपट किंवा जास्त असेल, तपासणीत काही आढळलं, किंवा आईचा उपचार अपुरा असेल तर साधारणपणे दहा दिवसांचं पेनिसिलिन: क्रिस्टलाइन, किलोमागे ५०,००० युनिट, पहिल्या आठवड्यात दर १२ तासांनी आणि नंतर दर ८ तासांनी. दहा दिवसांत एका दिवसापेक्षा जास्त औषध चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. आईचा उपचार वेळेत झालेला आणि बाळ ठीक असेल तर बेंझाथिनचा एकच डोस, किलोमागे ५०,००० युनिट, पुरू शकतो.

दूध पाजायला हरकत नाही. फक्त स्तनावर जखम असेल तर त्या बाजूचं ती भरेपर्यंत थांबवा.

पुढे दर दोन-तीन महिन्यांनी बाळाचं आरपीआर. तिसऱ्या महिन्यात आकडा उतरायला हवा आणि सहाव्यापर्यंत नॉन-रिॲक्टिव्ह व्हायला हवा. बाळाची टीपीएचए पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच घाबरू नका. आईकडून आलेली प्रतिद्रव्यं दीड वर्षापर्यंत दिसू शकतात.

आईचा आकडा उपचारानंतर आठ आठवडे व्हायच्या आत पुन्हा पाहण्यात अर्थ नाही, त्यानंतर एकदा आणि मग बाळंतपणाच्या वेळी. अनेकींचा आकडा तोवर दोन पायऱ्या उतरलेला नसतो आणि तेवढ्यावरून उपचार फसला असं होत नाही. तो चौपट चढला तर मात्र पुन्हा संसर्ग झाला असं समजून दोघांचा उपचार करावा लागतो. पुढच्या खेपेला पट्टी पॉझिटिव्हच येईल, तेव्हा या वेळच्या आकड्यांचे आणि तीन तारखांचे कागद फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा.